तार घराची, करार तुमचा

जर्मनीत शिकायला निघालेल्या मराठी मुलांचा खोलीशोध पुण्या-मुंबईतच सुरू होतो. मॅक्सम्युलर भवनातला वर्ग संपला, विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात पडलं, की रात्री जागून आखेन, केम्निट्स, माग्डेबुर्ग, म्युनिक अशा शहरांतल्या खोल्यांच्या जाहिराती चाळायच्या. बारा-चौदा चौरस मीटरची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामायिक, आणि तळाशी एक ओळ : इंटरनेट भाड्यात समाविष्ट. ती ओळ वाचून जीव भांड्यात पडतो. व्हिसासाठी बंद खात्यात दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. म्युनिकमध्ये त्यातले निम्म्याहून जास्त भाड्यातच सहज जातात. उरलेल्या पैशांत महिना काढायचा असताना इंटरनेटचे तीस-चाळीस युरो वाचणार, हे कुणालाही आवडेल.

२०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांमधला तो सर्वांत मोठा गट. त्यांतल्या बहुतेकांना पहिली खोली मिळते ती स्वस्त, तात्पुरती आणि दुसऱ्या कुणाच्या तरी नावावरची. म्हणून ‘इंटरनेट समाविष्ट’ या ओळीमागे नेमकं काय आहे, हे विचारल्याशिवाय भाडेकरारावर सही करू नये, असं माझं ठाम मत आहे. राउटर कुठे ठेवलेला आहे, इंटरनेटचा करार कुणाच्या नावावर आहे, आणि हवं तर मला माझी वेगळी जोडणी घेता येईल का, एवढे प्रश्न घरमालकाला एका ईमेलमध्ये विचारता येतात. उत्तर लेखी येतं, आणि ते पुढे उपयोगी पडतं.

समाविष्ट इंटरनेट म्हणजे बहुतेक वेळा घरमालकाचा किंवा मुख्य भाडेकरूचा राउटर, आणि घरातल्या सगळ्यांना एकच पासवर्ड. जुना भाडेकरू गेला तरी पासवर्ड तोच राहतो. आता यात आपलं काय उघडं पडतं? अनेकांना वाटतं तितकं सगळं नाही, आणि काहींना वाटतं तितकं कमीही नाही. बँक, ईमेल, व्हिडिओ कॉल हा सारा व्यवहार आज संकेतस्थळ आणि तुमचा फोन यांच्यातच कुलूपबंद होऊन जातो. मधल्या राउटरला आतला मजकूर वाचता येत नाही. पण तुम्ही कोणत्या संकेतस्थळाकडे, किती वाजता आणि किती वेळ जात होता, हे राउटर ज्याच्या ताब्यात आहे त्याला दिसू शकतं. शिवाय आजही घरोघरी चालणाऱ्या डब्ल्यूपीए-टू या वायफाय-सुरक्षेच्या पद्धतीत ज्याला पासवर्ड माहीत आहे, त्याने तुमचं यंत्र जोडलं जातानाची देवाणघेवाण टिपून ठेवली, तर त्यापुढची हवेतली वाहतूक तो उलगडू शकतो. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए-थ्रीमध्ये ही वाट बंद केलेली आहे, पण स्वस्त खोलीतला राउटर सहसा नवा नसतो. आणि एकाच नेटवर्कवर असलेल्या सगळ्यांना एकमेकांचे प्रिंटर, टीव्ही, लॅपटॉपवर चुकून खुले राहिलेले फोल्डर दिसतात. रोजच्या जगण्यात बोचते ती हीच गोष्ट.

दुसरी बाजू कायद्याची आहे, आणि नव्याने आलेल्या भारतीय मुलांना ती सर्वांत महागात पडते. जर्मनीत टोरेंटवरून सिनेमा उतरवला, की काही आठवड्यांनी वकिलाचं पत्र येतं. त्याला आबमानुंग म्हणतात. टोरेंटमध्ये उतरवत असतानाच तो सिनेमा तुमच्या यंत्रावरून इतरांना वाटलाही जात असतो, आणि ते वाटणं हाच खरा गुन्हा धरला जातो. निर्मात्याने नेमलेल्या कंपन्या त्या वाटपात सामील झालेले आयपी पत्ते टिपतात, न्यायालयाच्या आदेशाने इंटरनेट कंपनीकडून जोडणीधारकाचं नाव मिळवतात, आणि काही शे युरोंपासून हजाराच्या आसपास मागणी करणारं पत्र धाडतात. पत्र कुणाला जातं? सिनेमा पाहिला त्याला नाही. ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याला. एकाच्या नावावर करार आणि पाचजण वापरणारे, अशा घरात यातून मैत्र्या तुटलेल्या आहेत. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१६ साली निकाल दिला, की घरात राहणाऱ्या प्रौढ सोबत्यांना आधी ताकीद दिली नाही एवढ्याच कारणाने जोडणीधारकाला जबाबदार धरता येत नाही. २०१७ मध्ये कायदा बदलून वायफाय पुरवणाऱ्यांचं दायित्व आणखी कमी झालं. तरीही पहिला संशय जोडणीधारकावरच येतो आणि आपण ते केलं नाही हे पटवून देण्याचं ओझंही त्याच्यावरच. म्हणून ज्यांच्यावर विश्वास बसलेला नाही अशा माणसांसाठी स्वतःच्या नावावर करार घेऊ नये. आणि टोरेंट तर अजिबात नको. घरमालकाच्या जोडणीवरही नको आणि स्वतःच्याही नको.

सामायिक जोडणी परवडते, पण खासगीपणा हवा, अशांसाठी एक मधली वाट आहे. ती फारशी कुणी सांगत नाही म्हणून इथे थोडी सविस्तर सांगतो. एक छोटा राउटर घ्यायचा. त्याची केबल घरमालकाच्या राउटरच्या मागच्या मोकळ्या खाचेत लावायची आणि आपल्या खोलीत स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या पासवर्डचं वायफाय चालू करायचं. आता तुमचा फोन, लॅपटॉप, प्रिंटर या छोट्या राउटरच्या आड गेले. घरातल्या इतरांना फक्त एक राउटर दिसतो, त्यामागची यंत्रं दिसत नाहीत. घरमालकाला अजूनही तुम्ही कुठल्या सर्व्हरशी बोलता ते कळू शकतं, पण विद्यापीठाचं व्हीपीएन सगळ्या वाहतुकीसाठी चालू केलं की तेही झाकलं जातं. जवळजवळ प्रत्येक जर्मन विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयासाठी व्हीपीएन देतं. केबल खोलीपर्यंत ओढता येत नसेल तर भिंतीतल्या विजेच्या तारांमधूनच इंटरनेट नेणारे अॅडॅप्टर मिळतात. आखेनमधलीच देवोलो ही कंपनी त्यांसाठी प्रसिद्ध आहे. जुन्या घरात दोन खोल्यांची विजेची सर्किटं वेगळी असतील तर वेग पडतो, म्हणून दुकानातून परत करण्याच्या अटीवरच घ्यावेत. एवढं करूनही संध्याकाळी वेग मिळणार तो सगळ्यांच्या वाट्याचाच, हे मात्र मान्य करावं लागतं. आणि घरमालकाला विचारूनच हे करावं. बहुतेक जण हरकत घेत नाहीत.

विद्यार्थी वसतिगृहात जागा मिळाली तर यातल्या पुष्कळशा कटकटी टळतात. ड्रेस्डेनमध्ये विद्यार्थ्यांनीच चालवलेली एजी डीएसएन नावाची संस्था वसतिगृहांना इंटरनेट पुरवते. म्युनिकच्या श्टुडेंटनष्टाट वसाहतीतही विद्यार्थ्यांनी उभं केलेलं जाळं आहे. खोलीत भिंतीला नेटवर्कची खाच असते, शुल्क नाममात्र. पण वसतिगृहाची यादी लांबलचक असते, आणि तोवर बाहेर राहावंच लागतं.

बाहेरच्या घरात स्वतःची जोडणी घ्यायची, तर त्या घरात कोणती तार आलेली आहे हे पाहण्यापासून सुरुवात करावी लागते. जुन्या जर्मन घरात तारा बहुधा दोन प्रकारच्या असतात आणि त्यांच्यामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे. १९८१ साली हेल्मुट श्मिट यांच्या मंत्रिमंडळाने देशभर काचतंतू म्हणजे ऑप्टिकल फायबर टाकण्याची दीर्घ योजना मान्य केली होती. पुढच्याच वर्षी सरकार बदललं. हेल्मुट कोल यांचे टपाल-दूरसंचार मंत्री क्रिस्तियान श्वार्ट्स-शिलिंग यांनी केबल टीव्हीसाठी तांब्याच्या समाक्ष तारेवर भर दिला. खासगी दूरचित्रवाहिन्या लवकर घराघरांत पोचाव्यात, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे पश्चिम जर्मनीतल्या लाखो घरांत टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या जोडीशेजारी टीव्हीची जाड तार आली, आणि काचतंतू मागे पडला. एकीकरणानंतर पूर्वेकडे उलट घडलं. १९९०च्या दशकात तिथे टेलिफोनसाठी काही भागांत काचतंतू टाकला, ओपाल या नावाने. पण थोड्याच वर्षांत डीएसएल आलं, ते तांब्याच्या तारेवरच चालणारं; आणि ज्या वस्त्यांत सर्वांत आधुनिक तार पडली होती तिथल्या लोकांना ते मिळेना. आज जर्मनीतल्या इंटरनेटबद्दल जी नाराजी ऐकू येते, तिची मुळं इथे आहेत. भाड्याची स्वस्त खोली बहुधा जुन्या इमारतीत असते, म्हणून या जुन्या निर्णयांशी आपली गाठ थेट पडते.

टेलिफोनच्या तारेचं टोक म्हणजे टीएई सॉकेट. पांढरी किंवा पिवळट पडलेली चौकोनी डबी, बहुतेक वेळा दाराजवळच्या बोळात, जमिनीपासून हातभर उंचीवर. स्वस्त खोलीत ती कपाटामागे दडलेली असते. तिला तीन उभ्या खाचा असतात. मधल्या खाचेवर एफ लिहिलेलं असतं, आणि राउटरची तार तिथेच जाते. घरात एकाहून अधिक सॉकेट असतील तर तार जिथे पहिल्यांदा घरात शिरते त्याच सॉकेटला राउटर लावायचा. मागे लोंबत राहिलेल्या फाट्यांमुळे वेग पडतो. या तारेवर जुन्या डीएसएलमध्ये १६, सुधारित व्हीडीएसएलमध्ये १०० आणि सर्वांत नव्या प्रकारात २५० मेगाबिटपर्यंत वेग मिळतो, पण रस्त्यावरच्या करड्या वितरण पेटीपासून घर जितकं लांब तितका तो उतरतो. दुसरी तार टीव्हीची. तिचं सॉकेट गोल छिद्रांचं असतं, आणि तिच्यावर १,००० मेगाबिटची जाहिरात केली जाते. आकडा खोटा नाही. पण ही तार शेजारपाजारच्या अनेक घरांत वाटलेली असते, आणि संध्याकाळी आठला सगळ्यांनी एकदम नळ सोडले की धार बारीक होते. वर पाठवण्याचा वेगही तिच्यावर उतरवण्याच्या वेगाच्या मानाने फार कमी, साधारण ५० मेगाबिट. घरून भारतातल्या कंपनीसाठी काम करणाऱ्या किंवा मोठ्या फायली पाठवणाऱ्या माणसाने हा दुसरा आकडा आधी पाहावा. नुसते व्हिडिओ कॉल आणि व्याख्यानं असतील तर ५० मेगाबिटची साधी डीएसएल एका माणसाला भरपूर होते, असं माझं मत आहे. त्याहून महाग काही घेऊ नये.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. ३० जून २०२४पर्यंत घरमालक केबल टीव्हीचा खर्च घराच्या इतर खर्चात, म्हणजे नेबेनकोस्टेनमध्ये, घालून भाडेकरूकडून वसूल करू शकत होता. आता ते बंद झालं आहे. त्यामुळे जुन्या जाहिरातीत ‘केबल आहे’ असं लिहिलेलं असलं तरी ते सॉकेट जिवंत असेलच असं नाही. खोली पाहायला जाल तेव्हा दोन्ही सॉकेटांचे फोटो काढा. तुम्ही भारतातच असाल तर तिथल्या ओळखीच्या कुणाला तरी पाठवून काढून घ्या.

सामायिक फ्लॅटमध्ये, ज्याला तिकडे वेगे म्हणतात, आणखी एक अडचण येते. टेलिफोनची वापरात असलेली जोडी बहुधा एका फ्लॅटला एकच. एका सोबत्याच्या नावावर डीएसएल चालू असेल तर तुम्हाला त्याच तारेवर दुसरी घेता येत नाही. अशा वेळी टीव्हीची तार मोकळी आहे का पाहायचं. तीही नसेल तर हवेतून येणारं इंटरनेट उरतं, त्याबद्दल पुढे बोलू.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, आणि त्यातल्या दोन-तीन प्रश्नांवर नवखा माणूस अडखळतो. कोणता मजला, जिन्यातून पाहता डावीकडचं घर की उजवीकडचं की मधलं, आधीच्या भाडेकरूचं नाव काय. हे प्रश्न फालतू नाहीत. तिकडे फ्लॅटला सहसा क्रमांक नसतो. पत्ता म्हणजे रस्ता आणि इमारतीचा क्रमांक. आत कोण राहतं हे बेलवरच्या आणि टपालपेटीवरच्या आडनावावरून ठरतं. कोथरूडच्या सोसायटीत ‘बी विंग, फ्लॅट सहा’ एवढ्यावर माणूस दारात येतो. जर्मनीत बेलवर तुमचं आडनाव नसेल तर तंत्रज्ञ कुठलंही बटण दाबत नाही. तो निघून जातो आणि कंपनीच्या नोंदीत लागतं, ग्राहक घरी नव्हता. पोटभाडेकरूंच्या बाबतीत हे वारंवार घडतं, कारण बेलवर मुख्य भाडेकरूचं नाव असतं. म्हणून सही झाली की पहिलं काम हे : घरमालकाच्या परवानगीने कागदाच्या चिटोऱ्यावर का होईना, पण आपलं आडनाव बेलवर आणि टपालपेटीवर लावायचं. करार, राउटर, पासवर्डाचं पाकीट, महापालिकेतल्या नोंदणीनंतरची सरकारी पत्रं, सगळं त्या आडनावावरच येतं.

तंत्रज्ञाच्या भेटीची वेळ पत्रात कळवतात, सकाळी आठ ते बारा अशा पट्ट्यात. तुम्ही करार कोणत्याही कंपनीशी करा, डीएसएलच्या बाबतीत रस्त्यापासून घरापर्यंतची तार बहुतेक वेळा डॉइच टेलिकॉमचीच असते, कारण १९९५पूर्वी ती सरकारी टपाल खात्याची होती आणि १९९८ साली बाजार खुला झाल्यावर इतर कंपन्या ती भाड्याने घेऊ लागल्या. त्यामुळे दारात येणारा माणूस बऱ्याचदा त्यांचाच असतो. तो आधी तुमच्या बोळातल्या सॉकेटवर एक छोटं यंत्र लावतो. ते तारेत बारीक शिटीसारखा सूर सोडतं. मग तो म्हणतो, तळघर दाखवा. तळघरातल्या करड्या पेटीत इमारतीतल्या सगळ्या घरांच्या तारांची टोकं ओळीने खोचलेली असतात, आणि बऱ्याच इमारतींत कोणती कुणाची हे लिहून ठेवलेलं नसतं. हातातल्या सळईच्या टोकाने तो एकेक जोडी चाचपतो, आणि जिथे सूर ऐकू येतो ती तुमची. मग रस्त्यावरून आलेली तुमची जोडी तिथे दाबून बसवतो. दहा मिनिटांचं काम. पण तळघराला कुलूप असेल आणि किल्ली हाउसमाइस्टरकडे म्हणजे इमारतीच्या देखभाल्याकडे असेल, तर तो परत जातो आणि नवी तारीख दोन-तीन आठवड्यांनंतरची मिळू शकते. म्हणून देखभाल्याला दोन दिवस आधी गाठून तळघर उघडं ठेवायला सांगा. तंत्रज्ञ जाण्याआधी त्याच्या यंत्रावर दिसणारा वेगाचा आकडा विचारून लिहून ठेवा. पुढे वेग पडला तर तुमची तार काय देऊ शकते याचा तो पुरावा असतो. तंत्रज्ञ ठरवलेल्या वेळी आलाच नाही तर कायद्याने तुम्हाला १० युरो किंवा महिन्याच्या शुल्काच्या २० टक्के, यातलं जे जास्त असेल ते मिळतं.

आता करार. डिसेंबर २०२१पासून लागू झालेला जर्मन दूरसंचार कायदा ग्राहकाच्या बाजूने बराच झुकलेला आहे, पण तो वाचलेला असला तरच. पहिला करार २४ महिन्यांपेक्षा लांब असू शकत नाही, आणि ती मुदत संपल्यावर एका महिन्याच्या सूचनेने तो कधीही मोडता येतो. त्याआधीच्या नियमांत एक तारीख चुकली की करार आपोआप वर्षभर लांबत असे. कंपनीने जास्तीत जास्त १२ महिन्यांचा पर्यायही द्यायलाच हवा. तो पानाच्या तळाशी असतो, पण असतो. काही कंपन्या दर महिन्याला मोडता येणारा करारही देतात, त्यात जोडणी शुल्क जास्त असतं. तीन-चार महिन्यांच्या तात्पुरत्या खोलीत राहणाऱ्याने २४ महिन्यांच्या स्वस्त जाहिरातीकडे पाहूच नये. तिथे पहिल्या सहा महिन्यांची किंमत मोठ्या अक्षरांत असते. सातव्या महिन्यापासूनची बघायची. सहीपूर्वी कंपनीला कराराचा सारांश द्यावा लागतो आणि वेगाचे तीन आकडेही : किमान, सामान्यतः मिळणारा आणि कमाल. जाहिरातीत असतो तो तिसरा. मधला वाचावा. ऑनलाइन किंवा दारावर आलेल्या विक्रेत्याकडे केलेला करार १४ दिवसांत कारण न देता परत घेता येतो. गल्लीत काचतंतू येतोय असं सांगत दारावर येणारे विक्रेते हल्ली बरेच असतात. त्यांच्यापुढे सही करण्याची घाई मुळीच करू नका. तसंही घरमालकाच्या संमतीशिवाय काचतंतूसाठी भिंतीला भोक पाडता येणार नाही.

कंपनी शूफा या संस्थेकडे तुमची पत तपासते. नव्याने आलेल्याची तिथे काही नोंदच नसते, आणि एखादी कंपनी नकार देते. त्यात तुमची बदनामी वगैरे काही नाही. दुसरी कंपनी बघायची. पैसे खात्यातून आपोआप वळते होतात, त्यासाठी युरोपातला कुठलाही आयबीएएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक, चालला पाहिजे. जर्मनच खातं हवं असा हट्ट धरणं युरोपीय नियमांत बसत नाही. बेल्जियम किंवा लिथुआनियाचा आयबीएएन असलेलं ऑनलाइन खातं घेऊन आलेल्या मुलांनी हे नम्रपणे पण ठामपणे सांगावं.

राउटर कंपनीकडून महिना चार-पाच युरो भाड्याने घेण्याचं बंधन नाही. १ ऑगस्ट २०१६पासून ग्राहकाला स्वतःचा राउटर लावण्याचा हक्क आहे आणि कंपनीने जोडणीची माहिती द्यावीच लागते. बर्लिनच्या एका कंपनीचे फ्रिट्झबॉक्स राउटर तिकडे घरोघर आहेत, जुने स्वस्तात विकत मिळतात, आणि त्यांत पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय एका खुणेने सुरू करता येतं. घेताना डीएसएलचा की केबलचा हे पाहावं. दोन्ही दिसायला सारखे, आतून वेगळे. वापरलेला केबल राउटर कंपनीने कधीकाळी भाड्याने दिलेला असेल तर तो दुसऱ्याच्या नावावर चालू होत नाही. विकणाऱ्याला हे आधीच विचारावं.

तार मिळणारच नसेल, किंवा मुक्कामच थोडा असेल, तर मोबाइलच्या सिमवर चालणारा घरगुती राउटर बरा. विजेच्या प्लगला लावला की झालं. ना तंत्रज्ञ, ना तळघर. पहिल्या आठवड्यात तर फोनचा हॉटस्पॉट हेच खासगी इंटरनेट. सुपरमार्केटमध्ये मिळणारं प्रीपेड सिमही जुलै २०१७पासून ओळखपत्र तपासल्याशिवाय चालू होत नाही. पासपोर्ट घेऊन टपाल कचेरीच्या खिडकीत जाणं हा त्यातला सर्वांत खात्रीचा मार्ग. घ्यायच्या आधी मित्राच्या त्याच कंपनीच्या फोनवर आपल्या खोलीत वेग मोजून बघावा. शंभर वर्षं जुन्या इमारतींच्या भिंती जाड असतात, आणि स्वस्त खोली अर्ध्या तळघरात असेल तर खिडकीशी एक आणि पलंगाशी दुसरंच चित्र दिसतं.

वेग कमी पडतोय असं वाटलं तर नुसती तक्रार करू नये, मोजून करावी. केंद्रीय नियामक संस्थेचं मोजणीचं सॉफ्टवेअर मोफत आहे. लॅपटॉप राउटरला तारेने जोडायचा आणि तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून ३० मोजण्या करायच्या. सांगितलेला वेग मिळत नाही असा अहवाल निघाला, की शुल्क त्या प्रमाणात कमी करून घेण्याचा किंवा करार मोडण्याचा हक्क मिळतो. जोडणी पूर्ण बंद पडली आणि तक्रारीनंतर दोन दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर तिसऱ्या-चौथ्या दिवसासाठी रोज ५ युरो किंवा महिन्याच्या शुल्काच्या १० टक्के, आणि पाचव्या दिवसापासून रोज १० युरो किंवा २० टक्के, जे जास्त असेल ते. हे पैसे मागावे लागतात. जर्मन नीट येत नसेल तर साध्या दोन ओळींचं पत्रही पुरतं. तारीख, ग्राहक क्रमांक आणि बिघाड कधी कळवला हे त्यात असलं म्हणजे झालं.

शेवटी खोली सोडण्याची वेळ. नव्या घरी तीच कंपनी तीच सेवा देत असेल तर करार जसाच्या तसा, मुदत न वाढवता तिथे न्यावा लागतो. देत नसेल तर एका महिन्याच्या सूचनेने मोडता येतो, आणि घर सोडण्याच्या तारखेपासूनच मोडला जाईल असं आधी कळवून ठेवता येतं. अभ्यासक्रम संपवून भारतात परतणाऱ्यांनाही हीच वाट आहे. पुरावा म्हणून महापालिकेचं गाव सोडल्याचं प्रमाणपत्र जोडायचं; ते विमानात बसण्याआधी मागून घ्यावं. जुलै २०२२पासून प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर करार मोडण्याचं बटण असणं बंधनकारक आहे. ते दाबल्यावर आलेली पोच जपून ठेवा. राउटर भाड्याचा असेल तर तो खोक्यात घालून, विजेचा अॅडॅप्टर न विसरता परत पाठवा, आणि पार्सलची पावती शेवटचं बिल येऊन खातं बंद होईपर्यंत सांभाळा. जर्मन बँकेतलं खातं मात्र त्यानंतरच बंद करा. अनामत आणि जास्तीचे कापलेले पैसे परत येतात ते त्याच खात्यात.